नागपुरात अनलिमिटेड सुशी: सहा जण, त्यात दोन शाकाहारी, वेळ ९० मिनिटं. ऑर्डर कशी लावावी?

खामला_चौक

रविवारी घरची सहा माणसं वर्धा रोडवरच्या एका पॅन-एशियन रेस्टॉरंटात अनलिमिटेड सुशीला जाणार आहोत. त्यांचे नियम: माणशी १२९९ अधिक कर, वेळ ९० मिनिटं, शेवटची ऑर्डर ७० व्या मिनिटाला, एका फेरीत माणशी ८ तुकडे, ताटात उरलं तर तुकड्यामागे वेगळे पैसे. बुफे मांडलेला नसतो, कागदावर खुणा करून ऑर्डर द्यायची.

मंडळीत दादा-वहिनी शाकाहारी, वहिनी अंडंही खात नाहीत. बहिणीला पाचवा महिना आहे. बाबा ७२ वर्षांचे, शुगर आहे. मी आणि भाऊजी सगळं खातो. पैसे वसूल व्हायचे तर काय मागवावं? आणि समुद्रापासून इतक्या लांब कच्चा मासा खावा का?

माशांचा_हिशेब

हिशेब माशापासून नको, भातापासून सुरू करा. एका निगिरीत १५ ते २० ग्रॅम भात आणि वर १० ते १५ ग्रॅम मासा असतो. उरामाकी म्हणजे भात बाहेर, नोरी (समुद्री शेवाळाचं पातळ पान) आत असा रोल. तो ८ तुकड्यांचा, त्यात १२० ग्रॅमच्या आसपास भात. होसोमाकी म्हणजे नोरीच्या अर्ध्या पानाचा बारीक रोल, ६ तुकडे, ८० ग्रॅम भात. सहा जणांनी पहिल्याच फेरीत एकेक उरामाकी सांगितला की ४८ तुकडे आणि पाऊण किलोच्या आसपास भात टेबलावर येतो. त्यानंतर पुढची फेरी नावापुरती होते. हॉटेलवाल्याला हेच हवं असतं, म्हणून कागदावर सगळ्यात वर मेयो, तळलेला चुरा आणि गोड सॉसवाले मोठे रोल असतात आणि साशिमी, म्हणजे भाताशिवाय नुसते कच्च्या माशाचे काप, खाली कोपऱ्यात, तीही बऱ्याचदा मोजून.

वसुलीचा अंदाज त्यांच्याच नेहमीच्या मेन्यूवरून काढा. १२९९ वर ५ टक्के जीएसटी धरला की १३६४ होतात. समजा ८ तुकड्यांचा सॅमन रोल एरवी ५५० ला आहे, तर अडीच रोल म्हणजे २० तुकडे खाल्ल्यावर बरोबरी होते. साधारण भुकेचा माणूस १६ ते २० तुकड्यांत थांबतो. म्हणजे मांसाहारी माणूस जेमतेम काठावर. शाकाहारी रोल ४०० चा असेल तर बरोबरीला २७ तुकडे लागतात, आणि काकडी-अ‍ॅव्होकाडोचे २७ तुकडे कोणी खात नाही. तेव्हा दादा-वहिनींना साध्या मेन्यूतून मागवता येईल का, की अख्ख्या टेबलानेच अनलिमिटेड घ्यायचं, हे आधी फोनवर विचारा. काही ठिकाणी शाकाहारी दर वेगळा असतो, पण तो विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

फोनवरच आणखी तीन गोष्टी स्पष्ट करून घ्या. निगिरीपुढे ‘१’ लिहिलं तर एक तुकडा येतो की जोडी? अनलिमिटेडमध्ये रोल ८ तुकड्यांचा येतो की ४? आणि ९० मिनिटं बसल्यापासून मोजतात की पहिल्या ऑर्डरपासून? उरलेल्याचे पैसे लागतात ते बहुतेक वेळा पहिल्या प्रश्नामुळे. चार जणांसाठी म्हणून ‘४’ लिहिलं आणि आठ आल्या, मग त्या संपवणार कोण?

भातावरचा मासा तेवढा खायचा आणि भात ताटात सोडायचा ही युक्ती डोक्यात असेल तर काढून टाका. भात उरला की तो उरलेला तुकडाच मोजला जातो.

ऑरेंजसिटी_खवय्या

एवढं काय त्यात भाऊ, सुशीचा मासा गोठवलेला असतो. गोठवला की सगळे जंतू मरतात. बिनधास्त खा.

थंडसाखळी

खवय्याभाऊ, गोठवल्याने परजीवी मरतात, जीवाणू मरत नाहीत. ते नुसते थांबतात आणि मासा वितळला की पुन्हा वाढायला लागतात. दोन्ही धोके वेगळे आहेत, त्यांचे उपायही वेगळे.

परजीवी म्हणजे मुख्यतः अ‍ॅनिसाकिस नावाची अळी. अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याचा, म्हणजे एफडीएचा, नियम असा: मासा उणे २० अंशाला ७ दिवस, किंवा उणे ३५ ला घट्ट गोठवून त्याच तापमानात १५ तास. घरच्या फ्रिजचा वरचा कप्पा उणे १८ च्या आसपास राहतो आणि दार उघडलं की वर चढतो, म्हणून घरी हा प्रयोग करू नये. ट्यूनाच्या मोठ्या जातींना आणि गोळीखाद्यावर वाढवलेल्या सॅमनला या नियमातून सूट आहे, कारण त्यांच्यात ही अळी सहसा सापडत नाही. नागपुरात मिळणारा अटलांटिक सॅमन आयात केलेला, मत्स्यशेतीतलाच असतो.

जीवाणूंचा प्रश्न मात्र वितळवल्यानंतरचा आहे. मासा फ्रिजमध्ये ५ अंशाखाली हळूहळू वितळवायचा असतो. घाईत सिंकमध्ये किंवा ओट्यावर ठेवला आणि बाहेर मे महिन्याचे ४५ अंश असतील तर किचनचं तापमान काय असेल ते सांगायला नको. म्हणून ‘समुद्र लांब आहे’ ही नागपूरची खरी अडचण नाही. टोकियोतसुद्धा ट्यूना खोल गोठवलेलाच मोठ्या प्रमाणात येतो. आपल्याकडे अडचण खपाची आहे. मासा वितळवल्यावर किती तासांत संपतो, हे गिऱ्हाइकांवर ठरतं. श्रावणात, नवरात्रात, झालंच तर मंगळवारी आणि शनिवारी आपल्याकडे निम्मी टेबलं शाकाहारी होतात. त्या दिवशी सुशी काउंटरवरचा मासा रेंगाळतो. रविवार तुम्ही बरोबर निवडलाय. दुपारी गेलात तर आणखी बरं, पण आधी विचारा की मासा आज सकाळी कापलाय की कालचा संपवताहेत.

ट्यूनाबद्दल वेगळं सांगतो. ट्यूना, बांगडा या जातीचे मासे थंडीबाहेर राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. ते एकदा झालं की गोठवून जात नाही, शिजवूनही जात नाही. वासही येईलच असं नाही. तोंडात मिरीसारखं चरचरलं, ओठांना मुंग्या आल्या तर तो घास थुंका आणि टेबलावरच्या बाकीच्यांनाही थांबवा. चेहरा लाल होणं, डोकं ठणकणं हे काही मिनिटांपासून तासाभरात सुरू होतं. असं झालं तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टर गाठा.

ट्यूनाचा रंगही बघा. साधा ट्यूना हवेत राहिला की तपकिरीकडे झुकतो. कापून ठेवलेला तुकडा तासन्‌तास कलिंगडासारखा गुलाबी दिसत असेल तर त्याला कार्बन मोनॉक्साइड दिलेला असण्याची शक्यता असते. तो वायू रंग धरून ठेवतो, मासा किती जुना ते रंगावरून कळत नाही. जपान आणि युरोपीय संघात ही पद्धत चालत नाही.

आता नावांचा घोळ. मेन्यूत ‘इंडियन सॅमन’ लिहिलं असेल तर तो रावस. चव उत्तम, पण सॅमनशी त्याचं काही नातं नाही आणि वरची सूट त्याला लागू नाही. तो तळून किंवा भाजून खावा. ‘व्हाइट ट्यूना’ या नावाखाली काही देशांत एस्कोलार नावाचा मासा देतात. त्यातलं मेणासारखं तेल पचत नाही, चार-पाच तुकड्यांनी पोट धरून पळावं लागतं. जपानमध्ये त्यावर बंदी आहे. नाव दिसलं तर नेमका कोणता मासा ते विचारा, सांगता आलं नाही तर पुढे चला. गोड्या पाण्यातला मासा, मग तो रोहू असो, कतला असो की बासा, कच्चा कधीच नाही. त्यातले परजीवी वेगळे आणि जास्त त्रासदायक.

ताईंना पाचव्या महिन्यात कच्चं काही नको, हे सरळ आहे. त्यांच्यासाठी उकडलेली कोळंबी म्हणजे एबी, भाजलेला उनागी म्हणजे ईल मासा, टेम्पुरा (पातळ पिठात बुडवून तळलेला) रोल, भाज्यांचे रोल. स्मोक्ड सॅमन शिजवलेला वाटतो, पण थंड धुराचा असेल तर तो कच्च्यातच धरायचा. बाबांचं वय आणि मधुमेह बघता मी त्यांनाही शिजवलेलंच देईन.

लक्ष्मीनगरची_सुगरण

दादा-वहिनींचं मी सांगते, कारण ‘व्हेज सुशी’ या शब्दावर विसंबून चालत नाही.

नोरी हे समुद्री शेवाळ, ते चालतं. भातातल्या व्हिनेगरमध्ये साखर-मीठ असतं, तेही चालतं. पण काही ठिकाणी भातात मिरिन घालतात आणि त्यात मद्यार्क असतो, ज्यांना चालत नाही त्यांनी विचारावं. खरी मेख दाशीत आहे. जपानी स्वयंपाकातलं हे मूळ पाणी बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या कातळ्यांचं असतं. मिसो सूप दाशीवर होतं, टेम्पुरासोबतचा पातळ सॉस दाशीचा, इनारीच्या टोफू-पिशव्या दाशीत मुरवलेल्या, आणि भातावर भुरभुरलेल्या फुरिकाकेमध्येही बोनिटो असू शकतो. सूप टोफू आणि पातीच्या कांद्याचं दिसलं म्हणून ते शाकाहारी होत नाही. दाशी नुसत्या कोंबूची, म्हणजे शेवाळाची आहे का, असं विचारा. उत्तर देताना वेटर अडखळला तर सूप नकोच.

वहिनींसाठी अंडं कुठे लपतं ते बघा. जपानी मेयो अंड्याच्या पिवळ्या बलकाचं असतं, त्यामुळे ‘स्पायसी मेयो’वाला कुठलाही रोल बाद. आपल्याकडे बिनअंड्याचं मेयो सर्रास मिळतं आणि पुष्कळ ठिकाणी तेच वापरतात, पण पाकीट बघायला मागायला लाजू नका. टेम्पुराचं पीठ पारंपरिक पद्धतीत अंडं आणि बर्फाच्या पाण्यात भिजवतात. तामागो म्हणजे अख्खं ऑम्लेट, ते वेगळं सांगायला नको. रोलवर नारिंगी मोत्यांसारखं काही पसरलं असेल तर ती तोबिको, म्हणजे माशाची अंडी. शेफ ती सजावट म्हणून सवयीने लावतो, अगदी व्हेज रोललासुद्धा.

खेकड्याची कांडी बघून कोणी म्हणेल, ‘हा काही खरा खेकडा नाही, चालेल’. खेकडा नाही हे खरं, पण ती पांढऱ्या माशाच्या लगद्याची असते, त्यात अंड्याचा पांढरा बलक आणि स्टार्च. दोघांनाही चालणार नाही.

उरला प्रश्न तेलाचा आणि सुरीचा. कोळंबीचा आणि भाज्यांचा टेम्पुरा एकाच कढईत तळतात, वेगळी कढई असणारी जागा विरळाच. रोल गुंडाळायची बांबूची चटई प्लास्टिकने झाकलेली असते. ते प्लास्टिक बदलून आणि सुरी धुऊन तुमचे रोल आधी करून द्या असं सांगितलं तर बहुतेक शेफ ऐकतात. पण ते पहिल्या ऑर्डरलाच सांगायचं. मधल्या गर्दीत त्याला वेळ नसतो.

मागवायचं काय? काकडी, अ‍ॅव्होकाडो, शतावरी, वाळवलेला भोपळा म्हणजे कांप्यो, पिवळा मुळा म्हणजे ताकुआन, शिताके मशरूम, क्रीम चीज. यातले कांप्यो आणि शिताके बऱ्याचदा दाशीतच शिजवतात, त्यांचं विचारून घ्या. काकडीचा होसोमाकी म्हणजे काप्पामाकी. सगळ्यात साधा, आणि मला विचाराल तर त्यावरूनच किचनची पारख होते.

डाळभाजीवाला

बिलाचं मी सांगतो. १२९९ वर ५ टक्के म्हणजे १३६४. त्यात १० टक्के सर्व्हिस चार्ज घातला आणि वर कर लावला तर माणशी १५००. सहा जणांचा फरक ८१८ रुपये. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या सूचनांप्रमाणे तो बिलात आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या. काढा म्हणायचं, शांतपणे. काढला नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि ज्या मोठ्या हॉटेलात खोलीचं भाडं ७५०० च्या वर जातं तिथल्या रेस्टॉरंटात जीएसटी १८ टक्के पडतो, म्हणजे १५३३. ‘अधिक कर’ म्हणजे किती ते बुकिंग करतानाच विचारा.

बिलावर १४ आकडी एफएसएसएआय म्हणजे अन्न परवान्याचा नंबर असतो, तोही बघून ठेवा.

खामला_चौक

सगळ्यांचे आभार. फोन केला होता. अख्ख्या टेबलाने अनलिमिटेड घ्यायचं, पण शाकाहारी दर ९९९ आहे. निगिरी जोडीने येते, रोल पूर्ण ८ चा, मिसो सूप बोनिटोचं, टेम्पुराची कढई एकच. वेळ पहिल्या ऑर्डरपासून. साशिमी माणशी एकदाच, ५ काप. आता फेऱ्या कशा लावू? आणि भात चांगला आहे की नाही हे कसं ओळखायचं?

माशांचा_हिशेब

वेळ पहिल्या ऑर्डरपासून मोजतात हे बरं झालं. कागद हातात आल्यावर पाच-सात मिनिटं नीट ठरवा आणि मगच द्या.

पहिली फेरी मुद्दाम लहान. सॅमन निगिरी एक जोडी, ट्यूना निगिरी एक जोडी, एबी निगिरी दोन जोड्या, काप्पामाकी एक, अ‍ॅव्होकाडोचा उरामाकी एक. एकूण २२ तुकडे, तुमची मर्यादा ४८ आहे. कच्चं तुम्ही आणि भाऊजींनी एकेक, एबी ताई आणि बाबांना, रोल दादा-वहिनींकडून सुरू. यात भात साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास राहतो.

ही फेरी परीक्षेची. निगिरी उचलल्यावर हातात टिकली पाहिजे आणि तोंडात सुटली पाहिजे. भात अंगाच्या तापमानाएवढा हवा. थंडगार आणि टणक लागला तर तो फ्रिजमधून आलाय. थंडीत भातातला स्टार्च घट्ट होतो, आणि पुन्हा कोमट केला तरी दाणा आधीसारखा होत नाही. चिखल लागला तर पाणी जास्त झालं. आंबट-गोड काहीच लागत नसेल तर व्हिनेगर कमी आहे, आणि हे नुसतं चवीचं प्रकरण नाही. व्हिनेगरच्या आम्लतेमुळेच सुशीचा भात फ्रिजबाहेर सुरक्षित राहतो, नाहीतर कोमट भातात जीवाणू फोफावतात. व्यवस्थित किचनमध्ये भाताचा पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ४.६ च्या खाली ठेवतात. आपला एचएमटी तांदूळ मोकळा शिजतो, तो इथे कामाचा नाही, जाड-आखूड जपानी जातीचाच तांदूळ लागतो. माशाचा काप कडेला वाळून वर वळला असेल किंवा बशीत पाणी सुटलं असेल तर आधी कापून ठेवलेला आहे. काप्पामाकीची नोरी दाताखाली तुटली पाहिजे. ताणावी लागली तर रोल आधीच करून ठेवलेला, कारण ओल्या भाताला लागून नोरी दहाएक मिनिटांतच मऊ पडते.

यातलं काही बिघडलं दिसलं तर पुढच्या सगळ्या फेऱ्या शिजवलेल्या पदार्थांच्या करा. पैसे वसूल करायला खराब ट्यूना खाण्यात अर्थ नाही.

सगळं ठीक असेल तर विसाव्या मिनिटाच्या आसपास दुसरी फेरी: तुम्हा दोघांची साशिमी ५-५ काप, पोट भरायच्या आत. सोबत सॅमनच्या आणखी दोन जोड्या, ताईंसाठी उनागी, दादा-वहिनींसाठी शतावरी किंवा क्रीम चीजचा रोल. पहिल्या प्लेट्स संपायची वाट बघू नका. रविवारी सुशी काउंटरला एक-दोनच हात असतात, एका रोलला तीन-चार मिनिटं जातात आणि तुमच्यासारखी आणखी टेबलं रांगेत असतात. कागद दिल्यापासून १५ ते २० मिनिटं धरून चाला. म्हणजे ७० मिनिटांत प्रत्यक्षात साडेतीन-चार फेऱ्याच होतात.

तिसरी फेरी चाळीसाव्या मिनिटाला, तेव्हा ज्याला जे आवडलं तेच. सॉस आणि मेयोवाले भारी रोल इथे, आधी नाही. गोड सॉसनंतर सॅमनची चव पांचट लागते. शेवटचा कागद ६५ व्या मिनिटाला, आणि त्यावर फक्त तेच लिहायचं जे कोण खाणार हे नावानिशी ठरलंय. दंड शेवटच्या फेरीतच लागतो.

बाबांचं: एका उरामाकीत भाताचे आणि साखरेचे मिळून ४० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं जातात, त्यात व्हिनेगरमधली साखरच एक चमचाभर. उनागीचा सॉस त्याहून गोड. त्यांना एबीच्या दोन जोड्या, एडामामे म्हणजे उकडलेल्या कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा, आणि मेन्यूत असेल तर ग्रिल्ड मासा. सोया सॉस बेताने, एका मोठ्या चमच्यात ९०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. निगिरी उलटी करून माशाची बाजू बुडवायची, भाताची नाही. भात स्पंजासारखा सॉस ओढतो आणि बशीतच फुटतो. हाताने खाल्लं तरी चालतं, जपानमध्येही खातात.

कोल्ड्रिंक, सूप, तळलेले मोमो हे सगळं ‘अनलिमिटेडमध्येच आहे’ म्हणून पहिल्या दहा मिनिटांत पुढे करतात. नको म्हणा. गरम ग्रीन टी घ्या, चरबट तोंड साफ होतं. सोबत येणारं लोणच्याचं आलं दोन वेगळ्या माशांच्या मध्ये खायचं, सुशीवर ठेवून नाही.

ऑरेंजसिटी_खवय्या

आणि वासाबी? आपण सावजी खाणारी माणसं, जास्तच मागू ना.

माशांचा_हिशेब

मागा, पण ती तिखट वेगळी. मिरचीची जिभेवर बसते, ही नाकात चढते. पाणी पिऊन उपयोग नाही, काही सेकंदांत आपोआप उतरते. बशीत येते ती बहुतेक हॉर्सरॅडिश, मोहरी आणि हिरवा रंग मिळून केलेली असते, खऱ्या वासाबीच्या मुळाचा खर्च या दरात बसत नाही. वाटाण्याएवढी पुरे. निगिरीत शेफने आधीच आत लावली आहे का ते विचारून घ्या, नाहीतर दुप्पट होते. ताई आणि बाबांच्या निगिरीला ‘बिना वासाबी’ असं कागदावरच लिहा.

थंडसाखळी

एक राहिलं. उरलेलं घरी न्यायला परवानगी मिळाली तरी कच्च्या माशाचं नेऊ नका. बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभराच्या पुढे तो मासा खाण्यालायक धरत नाहीत, आणि वर्धा रोडवरून खामल्याला पोचेपर्यंत गाडी उन्हात किती वेळ थांबते ते तुम्हालाच ठाऊक. काप्पामाकी न्या हवं तर, भात कडक होईल एवढंच.